ऑनलाइन विद्यार्थ्यांशी संवादासाठी कोणते साधन निवडावे, आणि कॅमेरा सक्तीचा करावा का?

आपण विचारले आहे की, नोकरी सांभाळून शिकणाऱ्या पन्नासेक प्रौढ विद्यार्थ्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू करताना झूम, गुगल मीट, टीम्स, व्हॉट्सअ‍ॅप आणि मूडल (चर्चामंचासह अभ्यासक्रम ऑनलाइन चालवण्याची प्रणाली) यांपैकी काय निवडावे, आणि विद्यार्थी खरोखर वर्गात आहेत हे कळण्यासाठी कॅमेरा सक्तीचा करावा का. पहिल्या भागाचे उत्तर थोडक्यात देता येते. दुसऱ्या भागामुळे हे उत्तर लांबणार आहे, कारण या एका मुद्द्यावरून मी एका संस्थेत अभ्यासक्रम-समन्वयकांशी बराच काळ वाद घातला आहे आणि तो अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

थेट वर्गाच्या साधनांमध्ये आपल्या कामापुरता फारसा फरक नाही. झूमच्या मोफत खात्यावरील बैठक ४० मिनिटांनी संपते, मीटच्या मोफत खात्यावर तीन किंवा अधिक जण असल्यास ६० मिनिटांनी. दोन्हीकडे शंभर जण सामावतात. संस्थेने ज्याचे परवाने आधीच घेतले असतील ते वापरावे आणि तुलनेचे तक्ते करण्यात आठवडे घालवू नयेत. ज्यावर खरोखर विचार करायला हवा तो प्रश्न निराळा आहे : सर्वांनी एकाच वेळी हजर असण्याची गरज नेमकी कोणत्या कामासाठी आहे, आणि उरलेला संवाद ज्याच्या त्याच्या सवडीने होणार असेल तर तो कोठे होऊ द्यायचा. माझे मत स्पष्ट आहे. नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमाचा मुख्य संवाद लेखी चर्चामंचावर असावा आणि थेट वर्ग अधूनमधून, ठरलेल्या कारणासाठीच घ्यावा.

हे मत कसे बनले ते सांगते. मी संख्याशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम शिकवत होते आणि संस्थेचा आग्रह होता की आठवड्याचे सर्व तास थेट, व्हिडिओवर आणि कॅमेरा चालू ठेवूनच व्हावेत. त्या तुकडीत रात्रपाळी करणारी एक विद्यार्थिनी होती. सकाळचा वर्ग सुरू होई तेव्हा ती पाळी संपवून घरी परतण्याच्या वाटेवर असे आणि फोनवरूनच जोडली जाई. वाटेत रेंज गेली की ती बाहेर फेकली जाई, आली की पुन्हा आत येई. अशा साधनांच्या उपस्थिती-अहवालात आत येण्याची आणि बाहेर पडण्याची प्रत्येक वेळ नोंदवलेली असते, त्यामुळे तिच्या नावाखाली एकेका तासाला तुकड्यातुकड्यांच्या नोंदींची रांग लागलेली दिसे. समन्वयकांनी तो अहवाल एका तक्त्यात उतरवला, मिनिटांची बेरीज केली, तिची ओळ लाल रंगवली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले, ‘वर्गात येरझाऱ्या घालते, कॅमेरा बंद.’

याच विद्यार्थिनीने मूडलच्या चर्चामंचावर वहीच्या पानाचा एक फोटो टाकला होता. यंत्राचे वय आडव्या अक्षावर आणि वर्षभरातील बिघाडाचे तास उभ्या अक्षावर घेऊन तिने हाताने बिंदू मांडले होते, वर उजव्या कोपऱ्यात दूर पडलेल्या एका बिंदूभोवती पेनने वर्तुळ काढले होते आणि खाली एवढेच लिहिले होते : ‘हा बिंदू अंगठ्याने झाकला तर रेषा जवळजवळ आडवी होते. मग हा संबंध सगळ्या यंत्रांचा आहे की या एकाच यंत्राचा?’ रेषीय समाश्रयण (बिंदूंमधून सर्वांत जुळणारी सरळ रेषा काढणे) शिकवताना विद्यार्थ्याने विचारावा असा याहून चांगला प्रश्न माझ्या पाहण्यात नाही. दुसऱ्या दिवशी एकाने तो बिंदू धरून आणि वगळून सहसंबंध-गुणांक (दोन गोष्टींचा संबंध किती घट्ट आहे हे सांगणारा आकडा) काढून दाखवला. आणखी एकीने हरकत घेतली की, बिंदू गैरसोयीचा आहे म्हणून तो काढता येणार नाही. नोंद चुकली आहे की ते यंत्र खरोखरच तसे आहे, हे आधी तपासले पाहिजे. थेट वर्गात कधीही तोंड न उघडणारे तिघेजण त्या चर्चेत उतरले. मी मध्ये दोनच वाक्ये लिहिली.

तोच आलेख मी थेट वर्गातही पडद्यावर दाखवला होता आणि ‘यात कोणाला काही खटकते का?’ असे विचारले होते. शांतता पसरली, एक ‘नाही मॅडम’ आले, चॅटमध्ये काही अंगठे उमटले. यात विद्यार्थ्यांचा दोष नाही. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात नोंदवले होते की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एखादा सेकंद थांबतात, आणि हा अवधी तीन सेकंदांवर नेला तरी उत्तरे अधिक लांब आणि अधिक विचारपूर्वक येऊ लागतात. हे समोरासमोरच्या वर्गाविषयीचे आहे. ऑनलाइन वर्गात आवाज पोहोचायला लागणारा वेळ, म्यूट काढण्याची धांदल आणि दोघे एकदम बोलतील ही धास्ती यांची त्यात भर पडते. चर्चामंचावर विचार करायला अख्खा दिवस मिळतो.

समन्वयकांचा प्रतिवाद ठरलेला असे : ‘मंचावर लिहिणारी व्यक्ती तीच आहे, हे तुम्हाला कसे कळणार?’ प्रश्न गैर नव्हता. पण कॅमेऱ्यातून चेहरा दिसला म्हणजे त्यामागे अभ्यास चालू आहे, हे त्यांना कसे कळत होते, याचे उत्तर त्यांनी कधी दिले नाही. ओळख पटवायचीच असेल तर सत्रात एकदोनदा प्रत्येकाशी दहा मिनिटे बोलावे आणि त्याने लिहिलेल्या एखाद्या पोस्टवर त्याला दोन प्रश्न विचारावेत. मी तसे केले. उसने लिहिणारा तिसऱ्या वाक्याला अडखळतो.

सक्तीच्या कॅमेऱ्याचा हिशेबही पाहावा. सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने तासभर व्हिडिओ चालला तर ४५० मेगाबाइट डेटा खर्च होतो. सेकंदाला ६४ किलोबिट या दराने केवळ आवाज चालला तर तासाला २९ मेगाबाइटच्या आसपास. मंचावरची मजकुराची पोस्ट काही किलोबाइटांत बसते. ज्याची जोडणी सर्वांत कमकुवत आहे, त्याच्यावर कॅमेऱ्याचा भार सर्वांत जास्त पडतो आणि बेशिस्तीचा शिक्काही त्याच्यावरच बसतो. शिवाय स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ-बैठकांच्या थकव्याची जी कारणे मांडली, त्यांत सतत जवळून रोखलेल्या नजरा आणि स्वतःचाच चेहरा पाहत राहणे ही दोन आहेत. दिवसभर काम करून आलेल्या माणसावर हा जाच लादण्यासाठी कारणही तसेच सबळ हवे, आणि ‘तक्ता भरायचा आहे’ हे सबळ कारण नव्हे.

साधन-निवडीसाठी ऑनलाइन शिक्षणाचे अभ्यासक टोनी बेट्स यांनी ‘सेक्शन्स’ नावाची जी चौकट दिली आहे, तिच्यात पहिला निकष विद्यार्थी आणि त्यांना काय उपलब्ध आहे हा आहे. अध्यापनाची गरज, संस्थेच्या अडचणी, सुरक्षितता हे सारे त्यानंतर येते. आमच्या संस्थेत निवड नेमकी उलट्या टोकाने झाली : आधी अहवाल कोणते साधन देते ते पाहिले गेले, मग विद्यार्थ्यांना त्यात बसवले गेले. मायकेल मूर यांनी १९८९ मध्ये दूरशिक्षणातील आंतरक्रियेचे तीन प्रकार सांगितले : विद्यार्थी आणि आशय, विद्यार्थी आणि शिक्षक, विद्यार्थी आणि विद्यार्थी. आमच्या तक्त्यात तिसऱ्याला रकानाच नव्हता आणि वर सांगितलेली सगळी चर्चा त्या तिसऱ्या प्रकारातली होती.

व्हॉट्सअ‍ॅपविषयी माझे मत कठोर आहे. सूचनांसाठी ते उत्तम, चर्चेसाठी निकामी. सकाळची शंका संध्याकाळपर्यंत शुभेच्छांखाली गाडली जाते, साध्या ग्रुपमध्ये सर्वांचे क्रमांक सर्वांना दिसतात, आणि रात्री अकरा वाजता आलेल्या प्रश्नाला निळ्या खुणेनंतर उत्तर न देणे हा उद्धटपणा ठरतो. ग्रुप ठेवायचाच असेल तर संदेश पाठवण्याचा अधिकार केवळ अ‍ॅडमिनकडे राहील अशी मांडणी करून ठेवावा. मूडलचे रूप अनेकांना रुक्ष वाटते आणि ते आहेही. पण त्याच्या अ‍ॅपमध्ये जोडणी नसताना लिहिलेली पोस्ट जोडणी आल्यावर पुढे जाते, आणि ‘प्रश्नोत्तर’ प्रकारच्या मंचावर स्वतः लिहिल्याशिवाय इतरांचे वाचता येत नाही, त्यामुळे नक्कल करणाऱ्यांची पंचाईत होते.

काही गोष्टी मात्र सांगितल्या पाहिजेत. भाषेचे उच्चार, मुलाखतीचा सराव, वादविवाद शिकवत असाल तर माझा सल्ला बराचसा गैरलागू आहे. तेथे थेट वर्गाला पर्याय नाही. थेट वर्गात कॅप्शन (बोललेले पडद्यावर अक्षरांत दाखवण्याची सोय) चालू ठेवावेत आणि मंचावर फोटो टाकणाऱ्याकडून त्याचे दोन ओळींचे वर्णनही मागावे, अन्यथा ज्यांना ऐकू येत नाही किंवा दिसत नाही असे विद्यार्थी बाहेर पडतात. पन्नास जणांचा एकच मंच ठेवल्यास चारपाच जण तो बळकावतात, म्हणून दहाबारा जणांचे गट पाडावेत. आणि शिक्षक पहिले दोन आठवडे रोज फिरकला नाही तर कोणताही मंच ओस पडतो. हे काम थेट वर्गापेक्षा कमी नाही, बहुधा जास्तच आहे.

राहता राहिला हजेरीचा प्रश्न. संस्था हजेरी मागणारच, म्हणून अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वीच ‘आठवड्यात एक स्वतंत्र पोस्ट आणि दोन प्रतिसाद म्हणजे त्या आठवड्याची उपस्थिती’ असा नियम लेखी मंजूर करून घ्यावा. मी हे सुचवले तेव्हा समन्वयकांनी ‘सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय नाही’ असे म्हणून विषय संपवला होता. सोय आहे. मूडलमध्ये चर्चामंचाच्या सेटिंगमध्ये कार्यपूर्तीची अट घालताना किमान किती चर्चा सुरू केल्या आणि किती प्रतिसाद दिले हे आकडे भरता येतात, आणि कार्यपूर्तीचा अहवाल तक्त्याच्या रूपात उतरवूनही घेता येतो.