वजनं उचलली तर दंड पुरुषी दिसतील?

प्रश्न : व्यायामशाळेत जायचंय, पण खांदे-दंड पुरुषी होतील अशी भीती वाटते. हलके डंबेल्सच पन्नास-पन्नास वेळा उचलू का?

उत्तर : नको, त्याने हात दुखतील, ताकद फारशी वाढणार नाही. स्त्रियांमध्ये टेस्टोस्टेरॉन, म्हणजे स्नायू वाढवणारं संप्रेरक, पुरुषांपेक्षा कितीतरी कमी असतं. पिळदार शरीरासाठी वर्षानुवर्षं मुद्दाम खपावं लागतं, ते चुकून होत नाही! आठवड्यातून २ दिवस स्क्वॉट (वजन घेऊन उठाबशा), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), रोइंग (वजन स्वतःकडे ओढणं), प्रेस (वजन ढकलणं). प्रत्येकी ८ ते १२ वेळांचे ३ सेट, म्हणजे फेऱ्या. सेट संपताना आणखी दोनदाच जमेल इतकं वजन घ्या. बाराही सहज झाले, की थोडं वाढवा. सुरुवातीला व्यायामानंतर दंड फुगल्यासारखे वाटतात, ती तात्पुरती सूज. नेमक्या तिथेच घाबरून पुष्कळजणी सोडून देतात.