फ्रिजवर दोन रोस्टर लावा

प्रश्न : माझे मिस्टर एका भारतीय विमान कंपनीत कॅप्टन आहेत, एअरबस ए-320 उडवतात. वय 38. बेस हैदराबाद. मी, दोन मुलं आणि सासूबाई नागपुरात त्रिमूर्तीनगरला राहतो; ऑफ असले की ते घरी येतात. आता त्यांना संयुक्त अरब अमिरातीतल्या एका कंपनीची ऑफर आली आहे. विमान मोठं, लांब पल्ल्याचं, पण पद फर्स्ट ऑफिसरचं, म्हणजे को-पायलटचं. घर, मुलांची फी आणि वर्षातून एकदा सगळ्यांचं तिकीट कंपनी देणार. ह्यांना वाटतं, जावं. ह्यांना वाटतं, अशी संधी पुन्हा येणार नाही. माझं खामल्याला फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे, सात वर्षं झाली. मुलगी पाचवीत आहे, सीबीएसईला. मुलगा तीन वर्षांचा. सासूबाई 71 वर्षांच्या, गुडघे दुखतात. काटोलजवळ चार एकर संत्र्याची बाग आहे. सासरे जाऊन दोन वर्षं झाली, बाग त्याच बघतात. तीन आठवड्यांत कळवायचं आहे. सगळ्यांनी जावं, ह्यांनी एकट्यानं जावं, की नाही म्हणावं? – एक वाचक, नागपूर

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. 'ह्यांना वाटतं' असं दोनदा लिहिलंय. तुम्हाला काय वाटतं ते कुठेच नाही, आणि सासूबाईंना कुणी विचारलं का, तेही कळत नाही. उत्तर लिहिताना हे सारखं मनात होतं.

मी स्वतः 2005 मध्ये पंधरा वर्षांची बँकेतली नोकरी सोडून, नऊ आणि चार वर्षांच्या दोन मुलांना घेऊन आमच्या ह्यांच्या मागे शारजाला गेले आणि 2014 मध्ये परत आले. हे तिथे विमान उडवत होते. त्यामुळे पुस्तकातलं काही सांगत नाही, भोगलेलं आणि उपभोगलेलं दोन्ही सांगते.

आधी एक काम करा. मिस्टरांचे गेल्या तीन महिन्यांचे रोस्टर, म्हणजे ड्यूटीचे तक्ते, छापून घ्या. ज्या रात्री ते नागपूरच्या घरी झोपले तेवढ्याच तारखांना हिरवा गोल करा. मग त्यांना सांगा, त्या नव्या कंपनीत, त्याच विमानावर, नुकत्याच लागलेल्या एखाद्या फर्स्ट ऑफिसरचे तीन महिन्यांचे रोस्टर मिळवा. वैमानिकांची ओळख कुठे ना कुठे निघतेच, ही मंडळी एकमेकांना रोस्टर दाखवतात. त्यावरही तसेच गोल करा. दोन्ही कागद शेजारी शेजारी फ्रिजवर लावा आणि आठवडाभर येता-जाता बघा. पगाराचं पत्र तोवर कपाटात ठेवा.

माझा अंदाज आहे की दुसऱ्या कागदावर हिरवं जास्त दिसेल. आज तुमचं घर नागपुरात आणि बेस हैदराबादला. ऑफचा अर्धा दिवस येण्याजाण्यात जातो आणि स्टँडबाय, म्हणजे ऐनवेळी बोलावलं तर निघायच्या तयारीत, असले की ते येऊच शकत नाहीत. तिथे बेस असेल तिथेच घर. एवढ्यासाठीसुद्धा तुमच्या बाबतीत जाण्यात अर्थ आहे असं मला वाटतं.

पण त्या हिरव्या रात्रींमध्ये काय असतं, तेही सांगते. लांब पल्ल्याचा माणूस घरी येतो तेव्हा त्याचं शरीर दुसऱ्याच देशाच्या वेळेवर असतं. सकाळी अकराला खिडकीला जाड पडदे, फोन बंद, मुलांना 'हळू बोला'. माझ्या माहेरीही असंच होतं. 1949 साली सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्रीच्या सुमाराला आपल्या नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतायची. माझे वडील पोस्टात होते, त्या थैल्यांच्या कामावर. दिवसा ते झोपले की आई वाड्यातल्या सगळ्या पोरांना पिटाळायची. फरक एवढाच की आईच्या हाताशी अख्खा वाडा होता. पोरं शेजारच्या ओसरीवर खेळायची, तिथेच जेवायचीसुद्धा. शारजाच्या सातव्या मजल्यावर मी आणि दोन मुलं, आणि दाराबाहेर लिफ्ट.

पहिल्याच वर्षी धाकट्याला रात्री दीडला 104 ताप चढला. हे लेओव्हरवर, म्हणजे उड्डाणानंतरच्या बाहेरगावच्या मुक्कामावर होते. माझ्याकडे गाडीचं लायसन्स नव्हतं आणि दवाखाना कुठल्या रस्त्यावर आहे तेही ठाऊक नव्हतं. समोरच्या फ्लॅटमधली केरळची नर्स नाइटगाऊनवरच धावत आली, थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवत पहाटेपर्यंत बसली. तिचं मल्याळम मला कळत नव्हतं, तिला माझं मराठी. आजही दर ओणमला मी तिला फोन करते. तेव्हा तुम्ही गेलात तर पहिल्या महिन्यात फर्निचर राहू द्या. शेजारच्या चार घरांत जा आणि गाडी शिकायला नाव घाला.

आता मिस्टरांनी ऐकायच्या गोष्टी. आज ते डाव्या सीटवर, म्हणजे कॅप्टनच्या जागेवर बसतात. तिथे उजव्या सीटवर बसतील आणि कमांड, म्हणजे कॅप्टनपद, मिळायला किती वर्षं लागतील हे कंपनी किती विमानं घेते यावर ठरेल. तोवरचे तास कमांडच्या खात्यात जमा होणार नाहीत. परत आले तर इथल्या सीनियॉरिटीत पुन्हा शेवटून सुरुवात. ज्याला कमांडची सवय झाली आहे त्याला हे जड जातं. आमच्या ह्यांना गेलं. ते बोलले नाहीत, पण पहिले सहा महिने आमच्या घरात हसणं कमी होतं. हे त्यांनी आधीच मनाशी कबूल करावं आणि तुम्हाला मोठ्यानं सांगावं.

दुसरं नोटिशीचं. आपल्याकडे 2017 पासून कमांडरला एक वर्षाची आणि को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. नवी कंपनी तेवढं थांबणार आहे का, हे लेखी घ्या. तिकडची मेडिकल, लायसन्सची पडताळणी आणि पक्कं पत्र हातात आल्याशिवाय इथे राजीनामा देऊ नका. सध्याच्या कंपनीचा ट्रेनिंगचा बाँड शिल्लक असेल तर त्याचा आकडाही मागा. आणि भारतातलं लायसन्स, मेडिकल, रेडिओ टेलिफोनीचं लायसन्स तिकडे असतानाही जिवंत ठेवा. परतायची वेळ आली की मेलेलं लायसन्स उठवायला महिने जातात.

परतायची वेळ न सांगता येऊ शकते. 2020 मध्ये करोना आला तेव्हा आखातातल्या मोठ्या विमान कंपन्यांनी शेकड्यांनी वैमानिक कमी केले, आणि तिथे नोकरी गेली की तिच्यावरचा व्हिसा जातो, व्हिसा गेला की घर आणि शाळाही. इथे राहून सुरक्षित असतो असंही नाही; 2012 मध्ये किंगफिशर आणि 2019 मध्ये जेट बंद पडली तेव्हा किती कॅप्टन घरी बसले ते मिस्टरांना ठाऊकच असेल. फक्त, इथे नोकरी गेली तर मुलगी दुसऱ्या दिवशी त्याच शाळेत जाते.

आमच्यावर 2011 मध्ये वेगळीच पाळी आली. ह्यांना मुतखडा झाला. छोटा, वाटाण्याच्या डाळीएवढा. पण खडा असेपर्यंत वैमानिक अनफिट. चार महिने उड्डाण बंद. मूळ पगार चालू होता, फ्लाइंगचा भत्ता बंद, आणि घरखर्च आम्ही भत्त्यावर बेतलेला. रोज सकाळी मी त्यांना पाण्याचे पेले मोजून द्यायची आणि संध्याकाळी वहीत खर्च मोजायची. तेव्हापासून मी प्रत्येक वैमानिकाच्या बायकोला सांगते की घरखर्च मूळ पगारात बसवा, आणि लॉस ऑफ लायसन्स विमा (अनफिट ठरून उड्डाण बंद झालं तर मिळणारा) आहे का, तो तात्पुरत्या अनफिटला लागू होतो का, ते ऑफरमध्ये वाचा. उन्हाळ्यात पाणी प्या हे वेगळं सांगायला नको, आपण नागपूरचे आहोत.

पैशाचं थोडक्यात. तिथे पगारावर आयकर नाही, पण आपल्यासारखा प्रॉव्हिडंट फंडही नाही. नोकरी संपताना ग्रॅच्युइटी मिळते: पहिली पाच वर्षं दर वर्षाला 21 दिवसांचा मूळ पगार, पुढे दर वर्षाला 30 दिवसांचा. म्हणजे म्हातारपणाची सोय तुम्हालाच लावायची. आर्थिक वर्षात भारतात 182 दिवसांपेक्षा कमी राहिलात तर साधारणपणे अनिवासी. म्हणून सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याआधी निघालात तर त्याच वर्षी हिशेब सोपा होतो, फेब्रुवारीत निघालात तर होत नाही. मुंबई-दिल्लीचे लेओव्हरही भारतातले दिवस म्हणून मोजले जातात, ते डायरीत लिहून ठेवा. बँकेला कळवून बचत खाती एनआरओ (अनिवासींचं इथल्या उत्पन्नाचं खातं) करून घ्या, तिकडचा पगार एनआरई (परदेशातल्या कमाईचं खातं) खात्यात आणा. जुनं पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालतं, नवं उघडता येत नाही. आणि अनिवासी झाल्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आलेली ठेवता येते.

हे शेवटचं तुमच्या बागेसाठी लिहिलं. सासरे जाऊन दोन वर्षं झाली म्हणता, तर सातबारावर वारस नोंद झाली आहे का? नसेल तर ती सगळे इथे असतानाच करा. परदेशातून मुखत्यारपत्र, वकिलातीतले शिक्के आणि सासूबाईंच्या काटोलला चकरा, हा त्रास त्या गुडघ्यांना देऊ नका.

आता त्यांच्याबद्दल. संत्र्याच्या आंबिया बहाराला ताण किती दिवस द्यायचा, म्हणजे पाणी किती दिवस तोडायचं, आणि पाणी कधी सोडायचं हे ज्या बाईला कळतं, तिला आपण 'न्यायचं की ठेवायचं' असं सामानासारखं ठरवू शकत नाही. मीही तसंच ठरवलं होतं. माझ्या सासूबाईंना आम्ही सगळं ठरल्यावर सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "काहून विचारलं नाही माय मले?" त्या नऊ वर्षांत मी दर दिवाळीला आले, त्यांना दोनदा तिकडेही नेलं, पण त्या वाक्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. तुम्ही दोघं त्यांच्यासमोर बसा, मुलांना बाहेर पाठवा, आणि विचारा. त्या म्हणाल्या की मी बागेपाशी राहते, हिवाळ्यात दोन महिने येते, तर ते मनापासून खरं माना. नागपूरहून शारजाला आणि दोह्याला थेट विमानं जातात. तुमचा मुक्काम त्यापासून किती लांब ते बघा. सोबतीला रात्री राहणारी बाई, आणि एक नातेवाईक ज्याच्याकडे किल्ली असेल, एवढं निघण्याआधी पक्कं करा. त्या यायला तयार असतील तर व्हिसाची आणि आरोग्यविम्याची अट आधी विचारा. त्या वयात विमा महाग पडतो.

मुलगी पाचवीत आहे हे चांगलं आहे. तिकडे सीबीएसईच्या शाळा भरपूर आहेत आणि त्यांचं वर्ष आपल्यासारखंच एप्रिलला सुरू होतं. सीबीएसईतच ठेवा, ब्रिटिश शाळेच्या मैदानाला भुलू नका. नववीत बोर्डाची नोंदणी होते, त्यानंतर शाळा बदलणं अवघड जातं. म्हणजे परतायचं तर आठवी संपल्यावर, नाहीतर दहावीनंतर. तुमच्या हातात आठवी संपेपर्यंतची सलग वर्षं आहेत, आणि हाच तुमचा पहिला टप्पा समजा. तिला अरबी शिकावी लागेल. शाळेत मराठी मिळणार नाही. ती घरी तुम्हीच जपायची. माझा मोठा आजीला दर महिन्याला पोस्टकार्डाएवढं पत्र लिहायचा, तो आजही मराठी वाचतो. धाकट्याला मी सोडून दिलं, कंटाळून. तो मराठी बोलतो, वाचत नाही. त्याला वृत्तपत्राचा मथळा अडखळत वाचताना पाहिलं की मला फार वाईट वाटतं.

आणि तुमचं क्लिनिक. सात वर्षं म्हणजे तुमचे पेशंट त्यांच्या नातेवाइकांना पाठवू लागलेत. मी बँक सोडली तेव्हा सगळे म्हणाले, घर सांभाळशील, काय कमी आहे? तिसऱ्या वर्षी मला सकाळी उठावंसं वाटेना. फिजिओथेरपिस्टला तिकडे काम करायला तिथल्या आरोग्य खात्याचं लायसन्स लागतं, त्यासाठी पदवीची आणि अनुभवाची पडताळणी होते. ती इथूनच सुरू करा. क्लिनिक बंद करू नका, एखाद्या विश्वासू सहकारी फिजिओला भाड्यानं चालवायला द्या, पाटी तुमचीच राहू द्या.

म्हणून माझं उत्तर असं : जा, पण एका विमानानं सगळे जाऊ नका. सुरुवातीचे महिने मिस्टरांचे ग्राउंड क्लास, सिम (नकली कॉकपिटमधला सराव) आणि ट्रेनिंगच्या फ्लाइट्समध्ये जातील. घरी असले तरी पुस्तकात डोकं असेल. तो काळ त्यांनी एकट्यानं काढावा. तुम्ही मुलांना घेऊन त्यानंतरच्या एप्रिलला, शाळा उघडताना, आणि तोवर तुमच्या लायसन्सचे कागद हातात घेऊन जा. मात्र दोन गोष्टींपैकी एकही झाली तर नाही म्हणा, आणि अपराधी वाटून घेऊ नका: दुसऱ्या रोस्टरवर हिरवं कमी निघालं तर, किंवा तुमच्या कामाची वाट तिकडे बंद दिसली तर. 38 व्या वर्षी ऑफर आली, 41 व्या वर्षीही येते. वैमानिकाला 65 पर्यंत उडता येतं.

तीन आठवड्यांतला पहिला रविवार सासूबाईंसाठी ठेवा. वारस नोंदीचा अर्ज मात्र मिस्टरांच्या पुढच्या ऑफलाच तलाठ्याकडे देऊन या, जायचं ठरो वा न ठरो.