तो पिक्चरमधल्यासारखा नाही हो, मॅडम!

"मॅडम, तो माझ्यावर जीव टाकतो म्हणून असा वागतो, की हे दुसरंच काही आहे? ओळखायचं कसं?" नागपुरात धंतोलीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न फार वेळा येतो. विचारणाऱ्या बहुधा मुली असतात, कधी त्यांच्या आया, एखाद्या वेळी मुलगाही. उत्तर म्हणून एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगी पंचविशीची, मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला. तिला आईनं आणलं होतं आणि आईला पाठवलं होतं एका पिक्चरनं. रविवारी दोघींनी घरी बसून थ्रिलर पाहिला होता. प्रेमात पिसाळलेला देखणा हीरो, शेवटी धो धो पाऊस, फार्महाऊस आणि सुरा. आईचा डोळ्याला डोळा लागला नाही. मुलगी मात्र खुर्चीत बसता बसता हसली. "आई उगाच घाबरून राहिली, मॅडम. इतका बोअर पिक्चर होता! आणि माझा बॉयफ्रेंड काही तसा नाही. यानं कधी हातसुद्धा उगारला नाही."

तो पिक्चर मी नंतर पाहिला. रटाळच आहे, त्यात वाद नाही. पण मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. पहिल्या अर्ध्या तासात हीरो गुलाब घेऊन दारात उभा असतो, मग 'सहा महिन्यांनंतर' अशी पाटी येते आणि पुढच्याच सीनला त्याच्या हातात सुरा. माझ्याकडे येणाऱ्यांचं सगळं दुखणं त्या गाळलेल्या सहा महिन्यांत असतं. शिवाय असे पिक्चर पाहून एक माप मनात बसतं, की सुरा निघाला तरच धोका. त्याखालचं सगळं मग प्रेमात खपून जातं.

बोलता बोलता तिचा फोन टेबलावर सारखा उजळत होता. तिनं तो पालथा घातला, तरी कडेनं उजेड दिसायचा. शेवटी तिनंच वाचून दाखवलं. 'कुठे आहेस?' 'लोकेशन धंतोली दाखवून राहिलं.' 'कोणाकडे?' 'सॉरी ना, काळजी वाटते म्हणून विचारतो.' 'फोन उचल.' 'ठीक आहे. मग माझं काय होईल ते पाहा.' हे सगळं मावशीकडे जाते असं सांगून आल्याच्या पहिल्या तासाभरातलं. खापरीहून मेट्रोनं येताना सीताबर्डीला गाडी बदलायची, तिथं तो न सांगता उभा असायचा. आधी तिला ते गोड वाटलं होतं. पुढे तिनं मैत्रिणींबरोबर उतरणं बंद केलं, कारण नंतर दोन दोन तास खुलासे द्यावे लागायचे.

मी तिला एवढंच विचारलं, "त्याला न आवडणारी गोष्ट तू शेवटची कधी केलीस? आणि मग काय झालं?" ती बराच वेळ आठवत राहिली. माझ्या लेखी ओळखायची खूण हीच. जीव लावणारा माणूसही रुसतो, भांडतो, एखादा दिवस बोलत नाही. पण 'नाही' ऐकून त्याची गाडी थांबते. दुसऱ्याच्या लेखी 'नाही' म्हणजे घासाघीस सुरू झाली: आधी विनवणी, मग रडणं, मग धमकी, मग पुन्हा सॉरी आणि चॉकलेट.

आईचा प्रश्न ठरलेला होता, "त्याला वेड लागलंय का हो?" पिक्चरवाल्यांनी सगळ्यांना 'सायको' करून ठेवलंय, त्याचा हा परिणाम. समोरची व्यक्ती आपल्यावर प्रेम करते असा पक्का भ्रम होण्याचा आजार खरोखर आहे. त्याला इरोटोमेनिया म्हणतात. फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ द क्लेराम्बो यांनी १९२१ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. पण तो विरळा. पाळत ठेवणारे बहुतेक जण नोकरी करतात, मित्रांत हसतात, घरी शहाणे असतात.

मग कामाचं बोलणं झालं. तिला नातं तोडायचं होतं, फक्त त्याला दुखवायचं नव्हतं. मी म्हटलं, नकार एकदाच द्यायचा, लेखी, दोन ओळींत, कारणं न देता. कारण दिलं की तो ते खोडायला बसतो. त्यानंतर उत्तर नाही. तीस मिस्ड कॉलनंतर एकतिसावा उचलला, तर एकतीस वेळा केला की मिळतो एवढंच त्याला कळतं. (यात तिचा दोष नव्हता. घाबरलेलं माणूस फोन उचलणारच.) शेवटचं एकदा भेटायला तर मुळीच जायचं नाही. अशा नात्यात सगळ्यात जपायची वेळ सोडतानाचीच असते.

'जीव देईन' या धमकीचंही ठरवून ठेवलं. ती खोटी धरायची नाही, पण धावत जायचंही नाही. त्याच्या घरच्यांना लगेच कळवायचं, गरज पडली तर ११२ लावायचा. त्याला स्वतःला बोलायचं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे.

कायद्याचं आईला ठाऊक नव्हतं. असा पाठलाग करण्याचा गुन्हा २०१३ पासून भारतीय दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. स्त्रीनं स्पष्ट नाही म्हटल्यावरही पुरुषानं पुन्हापुन्हा मागे लागणं, संपर्क करत राहणं किंवा तिच्या इंटरनेट-ईमेलवर पाळत ठेवणं यात येतं. पहिल्यांदा दोषी ठरला तर तीन वर्षांपर्यंत कैद, पुन्हा ठरला तर पाच. म्हणून तर तो दोन ओळींचा नकार जपून ठेवायचा, सोबत त्याच्या मेसेजेसचे स्क्रीनशॉट.

"नंबर बदलून टाकू का हिचा?" आईनं उठता उठता विचारलं. मी म्हटलं, नवा घ्या, पण जुना बंद करू नका. तो बंद झाला की हा माणूस नवा शोधायला निघतो, ऑफिसात, मैत्रिणींकडे. जुनं सिम घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये राहू द्या आणि तो फोन हिच्या हातात नको.

तो फोन मोठ्या भावाकडे गेला. पहिले पंधरा दिवस मेसेजेसचा पाऊस पडला, वेगवेगळ्या नंबरांवरूनही. भावानं एकालाही उत्तर दिलं नाही, सगळे सेव्ह करून ठेवले. तरी एका संध्याकाळी तो माणूस सीताबर्डी स्टेशनवर दिसलाच. तेव्हा तिघं ती फाइल घेऊन पोलिसांच्या भरोसा सेलमध्ये, म्हणजे महिलांच्या मदतकक्षात, गेले. तिथं त्याला आईवडिलांसकट बोलावलं. वडील म्हणे सारखे एकच म्हणत होते, "आमचा पोरगा तसा नाही हो."