ध्रुवीय हिवाळ्यातील खळबळ वरच्या थरांपर्यंत कशी पोहोचते?

आपला प्रश्न असा आहे की, स्थितांबर (वातावरणाचा सुमारे १० ते ५० किमी उंचीचा थर) जर स्थिर असते, तर ध्रुवीय हिवाळ्यात खालची खळबळ त्याच्या वरच्या मध्यांबरापर्यंत पोहोचते कशी, आणि एम.एस्सी.च्या चर्चासत्रासाठी हा विषय घ्यावा का.

सांगलीतील ज्या महाविद्यालयात मी शिकवत होतो, तेथे माझ्या एका विद्यार्थिनीने २०१० साली जानेवारी २००९ च्या आकस्मिक स्थितांबरीय तापनावर चर्चासत्र दिले होते. ध्रुवाजवळ सुमारे ३० किमी उंचीवर तापमान काही दिवसांतच ५० अंशांच्या आसपास वाढले, हे तिने आलेखासह मांडले. त्यावर विभागप्रमुख म्हणाले, "तिथे उंचीबरोबर तापमान वाढते, हवा वर चढतच नाही; मग खालचे वर काय जाणार?" आणि त्यांनी गुण कापले. दुसऱ्या दिवशी मी त्यांना जतकडच्या शाळूच्या रानाचे उदाहरण दिले : ताटे जागची हलत नाहीत, तरी वाऱ्याची लाट या बांधापासून त्या बांधापर्यंत जाते. गुण मात्र बदलले नाहीत, आणि ते मला आजही खटकते.

वर जाते ती हवा नव्हे, संवेग, म्हणजे गतीचा जोर (वस्तुमान गुणिले वेग). पर्वतरांगांमुळे आणि जमीन व समुद्र यांच्या तापमानातील फरकामुळे हजारो किमी लांबीचे ग्रहीय तरंग उठतात. वर विरळ हवेत ते फोफावतात, फुटतात आणि ध्रुवाभोवती पश्चिमेकडून वाहणाऱ्या वाऱ्यांना खीळ घालतात. मग ध्रुवावर हवा खाली दबते व तापते. वारे उलटले की मध्यांबराकडे जाणाऱ्या लहान गुरुत्व तरंगांपैकी (गुरुत्वामुळे हवा वर-खाली डोलून उठणारे; कृष्णविवरांच्या टकरीतून येणारे ते वेगळे) कोणते वर पोहोचतील, हेच बदलते. त्यामुळे तेथील हवेचे खाली उतरणे मंदावते आणि मध्यांबर थंड होते. २००९ च्या त्याच घटनेच्या काळात पेरूतील हिकामार्का येथे, म्हणजे चुंबकीय विषुववृत्तावर, आयनांबराची (विद्युतभारित कणांच्या त्याहून वरच्या थराची) हालचालही बदललेली दिसली.

एक मर्यादा सांगायला हवी. शाळूची उपमा तरंग फुटण्यापर्यंत पोहोचत नाही. शिवाय उन्हाळ्यात स्थितांबरात पूर्वेकडून वारे वाहतात, तेव्हा हे स्थिर ग्रहीय तरंग वर जाऊच शकत नाहीत.

विषय अवश्य घ्या. शेजारच्या कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठाच्या आवारात, भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मध्यांबरातील वारे मोजणारे रडार आहे. त्याविषयी तेथे जाऊन विचारा. हवा वाहणे आणि संवेग वाहणे यांतील फरक पहिल्याच पानावर लिहा. कोणी 'स्थितांबर स्थिर असते' एवढ्यावर गुण कापू लागले, तर जपानी वातावरणशास्त्रज्ञ मात्सुनो यांनी १९७१ साली मांडलेले तरंग आणि वारे यांचे गणित पुढे ठेवा, आणि त्यातील चूक दाखवण्याची विनंती करा.