बारावीतल्या मुलीच्या सौम्य नैराश्यावर गोळ्यांऐवजी व्यायाम आणि अश्वगंधा चालेल का?

सौम्य नैराश्यात व्यायामापासून सुरुवात करायला हरकत नाही. अश्वगंधा मात्र स्वतःच्या मनाने देऊ नये. या वयातील नैराश्यावरच्या पूरक उपायांपैकी नियमित व्यायामाला अभ्यासांचा आधार बराच आहे. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयोगटासाठी रोज सरासरी 60 मिनिटांची, दम लागेल अशी हालचाल सुचवते, त्यात क्लासला सायकलने जाणेही जमेस धरावे, आणि पहाटे चारला उठवून अभ्यासाला बसवण्याचा (घरोघरचा) हट्ट सोडून 8 ते 10 तासांची झोप पुरी होऊ द्यावी. अश्वगंधाचे किशोरवयातील पुरावे तुटपुंजे असून थायरॉइडच्या व झोपेच्या औषधांबरोबर ती त्रासदायक ठरू शकते. मात्र जेवण तुटले असेल किंवा ती मरणाचे बोलत असेल, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.