माउस स्लिप होतेय? आधी मोहरा हातात धरून विचार करणं बंद करा

भाऊ, तुम्ही विचारलंय की लॅपटॉपवर १० मिनिटांचे डाव खेळताना मोहरा ओढता ओढता शेजारच्याच घरात पडायलाय, जिंकत आलेले डाव जायलेत, आणि माउस बदलूनही फरक नाही. मी परभणीत पोरांना बुद्धिबळ शिकवतो आणि स्वतः कैक वर्षांपासून रोज रात्री ऑनलाइन खेळायलो, यात लई डाव घातलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक डाव अजून डोळ्यासमोर आहे. पांढरे मोहरे माझे, राजा जी१ वर (अक्षर उभ्या रांगेचं, आकडा आडव्या रांगेचा), पुढची तिन्ही प्यादी जागची हललेली नाहीत. समोरच्याचंही तसंच, राजा जी८ वर आणि पुढं तीन प्यादी. त्याचा हत्ती बी२ वर, बी५ वर त्याचंच प्यादं, म्हणजे हत्तीला आठव्या रांगेत परत जायला वाटच नाही. माझा हत्ती ए१ वर, समोर सगळी उभी रांग मोकळी. मी तो धरला तेव्हा डोक्यात ए७ होतं, एफ७ च्या प्याद्यावर दाब टाकावा म्हणून. हत्ती तसाच धरलेला असताना दिसलं की अरे, ए८ ला तर सरळ मात आहे! घाईत हात वर न्यायला गेलो आणि बोट सुटलं. हत्ती ए७ लाच पडला. पहिली रांग माझा तोच हत्ती राखत होता, समोरच्यानं बी१ ला त्याचा हत्ती आणला आणि मात मला झाली.

तेव्हा कळलं की चूक बोटाची नव्हतीच, मोहरा धरून विचार करायची सवय लागली होती. समोरासमोर बसून खेळताना हात लावला तो मोहरा चालवायचा हा नियम असतो, त्यामुळं आपण हात मांडीवर ठेवून विचार करतो. स्क्रीनवर मोहरा उचलून परत ठेवला तरी कोणी काही म्हणत नाही, मग हातच विचार करायला लागतो. माझ्याकडच्या पोरांना मी सांगतो, खेळी ठरेपर्यंत माउस पटाच्या बाहेर. पहिले दोन-तीन दिवस लई जड जातं, वेळ कमी पडल्यासारखा वाटतो, पण टिकून राहा. आणि मोहरा उचलल्यावर मन बदललंच तर दुसरं घर शोधत फिरू नका, पटाच्या बाहेर नेऊन सोडा, तो जागेवर परत जातो, मग नव्यानं उचला.

आता सेटिंग. ओढणं बंदच करून टाका. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर प्रेफरन्सेसमध्ये मोहरे कसे चालवायचे ते निवडता येतं, तिथं दोन घरांवर क्लिक करायचा पर्याय घ्या, चेस डॉट कॉमवरही ड्रॅगऐवजी क्लिक ठेवता येतं. आधी मोहऱ्यावर क्लिक, मग घरावर क्लिक, मधे बोट दाबून धरायचं कामच नाही, त्यामुळं मधेच सुटायचा प्रश्नच मिटतो. चार-पाच दिवस हळू वाटेल, नंतर हात बसतो. त्यासोबत मूव्ह कन्फर्मेशन (खेळी पक्की करायला पुन्हा क्लिक मागणारं सेटिंग) चालू करा, १० मिनिटांच्या डावात एक जादा क्लिक परवडतो. १ मिनिटाच्या बुलेटमध्ये नाही परवडत, तिथं नादी लागू नका.

प्रीमूव्ह (समोरच्याच्या खेळीआधीच आपली खेळी लावून ठेवणं) मात्र निदान महिनाभर बंद ठेवा, कारण समोरचा मारेलच असं धरून आपण आधीच खेळी लावून ठेवतो, तो मारत नाही आणि आपला वजीर फुकट जातो, आणि याला पण लोक माउस स्लिपच म्हणतात. कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवणं) करताना राजा दोन घरं ओढायला जातो आणि एफ१ वरच पडतो, कॅसलिंगचा हक्क गेला म्हणजे गेला. लिचेसवर राजा थेट आपल्या हत्तीवर टाकला तरी कॅसलिंग होतं, तसं करा. प्यादं शेवटच्या रांगेत पोचल्यावर आपोआप वजीर होणं पण बंद ठेवलेलं बरं, हत्ती हवा असताना वजीर होऊन समोरच्याला पॅट (शह नसताना खेळीच न उरल्यानं बरोबरी) मिळालेला मी पाहिलाय.

स्लिप झालीच तर टेकबॅक (खेळी परत घ्यायची परवानगी) मागायला लाजू नका, पण नाही दिला तर रागावू पण नका, त्याचा हक्क आहे. २०२० च्या चेसेबल मास्टर्स या ऑनलाइन स्पर्धेत चीनच्या डिंग लिरेनचं नेट गेलं आणि डाव हातचा गेला, तर पुढच्या डावात समोरच्या मॅग्नस कार्लसननं सुरुवातीलाच मुद्दाम वजीर देऊन राजीनामा दिला होता. मला ते लई भावलं. तेव्हापासून समोरच्याची स्लिप स्पष्ट दिसली की मी टेकबॅक देतो.

राहिलं सामान. काचेच्या किंवा चकचकीत सनमायक्याच्या टेबलावर माउसचा बाण उड्या मारतो, खाली पॅड नसलं तर जुनी वही ठेवा. विंडोजमध्ये एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन बंद करा, नाहीतर हात जोरात हलवला की बाण हिशोबापेक्षा लांब पळतो. उन्हाळ्यात आपल्याकडं ४२-४३ अंशांत बोटं घामेजतात, जवळ सुती रुमाल ठेवा, मोबाइलवर खेळत असाल तर जास्तच. तुम्ही माउस बदललाय म्हणता, तरी एकदा वर्डमध्ये बटण दाबून धरून एक लांब परिच्छेद सावकाश सिलेक्ट करून बघा. मधेच सिलेक्शन तुटलं तर बटणाचा स्विच गेलाय, मोहरा पण तसाच मधे सुटायलाय. नाही तुटलं तर आठवडाभर फक्त क्लिकवर खेळा आणि किती स्लिप झाल्या ते इथं कळवा.