हिरोक्लिक्सच्या पुतळ्याखालची चकती नेमकी कशासाठी असते?

विझकिड्स कंपनीने २००२ मध्ये आणलेल्या हिरोक्लिक्स या पुतळ्यांच्या पटावरील लढाईच्या खेळात प्रत्येक सुपरहिरोचा हिशेब त्याच्या तळाशी असलेल्या फिरत्या चकतीवर ठेवलेला असतो, त्यामुळे कागद-पेन्सिल लागत नाही. चकतीच्या खिडकीत वेग, हल्ला, बचाव आणि इजा यांचे आकडे दिसतात, तर आकड्यामागचा रंग त्या क्षणी कोणती विशेष शक्ती उपलब्ध आहे हे सांगतो.

समजा, तुमच्या पात्राचा हल्ला १० आणि समोरच्याचा बचाव १७ आहे. दोन फाशांची बेरीज ७ किंवा त्याहून अधिक आली, तर वार लागतो आणि तुमच्या पात्राच्या इजेचा आकडा जेवढा, तेवढे टिचके (म्हणजे टप्पे) समोरच्याची चकती पुढे सरकते. दोन्ही फाशांवर १ पडल्यास मात्र उलट हल्ला करणाऱ्यालाच इजा होते.

खरी गंमत पुढे आहे. बहुतेक पात्रे मार खाऊन दुबळी होत जातात. पण हल्कच्या काही पुतळ्यांमध्ये इजा झाल्यावर आकडे वाढतात, म्हणून त्याला अर्धवट जखमी करून सोडणे महागात पडते. खिडकीत ‘केओ’ (नॉकआउट, म्हणजे पात्र बाद) अशी अक्षरे आली की पुतळा पटावरून उचलावा. हातपाय हलणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची अपेक्षा असेल, तर हे पुतळे लहान व स्थिर असतात, एवढे खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे.